गोंगाटातील वाणी : अग्निशामकांच्या बिनतारी संभाषणातील सुबोधतेचा प्रश्न

१. विषयप्रवेश

बिनतारी संदेशवहनाचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः प्रेषक व ग्राही यांमधील अंतर, लहरींची शक्ती आणि वाटेतील अडथळे यांकडे जाते. लहर पोचली की संदेश पोचला, अशी आपली समजूत असते. नित्याच्या व्यवहारात ही समजूत निभावून जाते. परंतु धुराने भरलेल्या इमारतीत शिरलेला अग्निशामक जवान बोलू लागतो, तेव्हा ती अपुरी ठरते. तेथे लहर निर्वेधपणे पोचूनही शब्द न पोचण्याचा संभव असतो. ‘सातव्या मजल्यावर अडकलो आहे’ हे वाक्य बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यास ‘आठव्या मजल्यावर’ असे ऐकू आले, तर मदतीस धावलेली तुकडी एक मजला चुकते. आणि श्वसनसंचातील हवा मोजकी असल्यामुळे ही चूक सुधारण्यास अवधी उरतोच असे नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे ध्वनिशास्त्र व वाणीविज्ञान यांच्या दृष्टीने विवेचन करावयाचे योजिले आहे. लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, वाणीची सुबोधता हा एकट्या बिनतारी संचाचा गुण नव्हे. मुखापासून आकलनापर्यंत जी साखळी असते, त्या संपूर्ण साखळीचा तो गुण होय. म्हणून तिचे मापनही साखळीच्या अखेरीस, म्हणजे ऐकणाऱ्या माणसाच्या ठिकाणीच, केले पाहिजे. ‘सुबोधता’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरला आहे. उच्चारलेल्या शब्दांपैकी किती शब्द ऐकणाऱ्याने बरोबर ओळखले, त्याचे प्रमाण म्हणजे सुबोधता. आवाज कानाला गोड वा स्वाभाविक वाटणे ही गोष्ट निराळी.

२. गोंगाटाची तीन स्थाने

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तातील सुप्रसिद्ध आकृतीत गोंगाटाचा प्रवेश प्रेषक व ग्राही यांना जोडणाऱ्या वाहिनीत दाखविलेला आहे. वातावरणातील विद्युत्-विक्षोभ, परस्परांत मिसळणाऱ्या लहरी, भिंतींमुळे क्षीण झालेला संकेत इत्यादी दोष या सदरात मोडतात. त्यांवर उपाय म्हणून प्रक्षेपणाची शक्ती वाढविता येते, मध्ये पुनःप्रक्षेपक बसविता येतो, अथवा संदेशात जादा अंक घालून वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करता येतात. गेल्या पाऊण शतकात अभियंत्यांनी या दिशेने फार मोठी मजल मारली आहे.

अग्निशामकाच्या बाबतीत मात्र गोंगाटाचे दुसरे स्थान अधिक घातक ठरते. ते म्हणजे बोलणाऱ्याचे मुख. करवतीचा वा पंपाचा आवाज त्याच्या शब्दांबरोबरच मायक्रोफोनमध्ये शिरतो. तेथून पुढे संचाच्या लेखी तो गोंगाट राहतच नाही. तो संदेशाचाच एक भाग बनतो. चुका दुरुस्त करणारी यंत्रणा कितीही निर्दोष असली तरी ती या मिश्रणाचेच रक्षण करते. तिसरे स्थान ऐकणाऱ्याच्या कानापाशी आहे. आज्ञा देणारा अधिकारी चालू इंजिनाच्या शेजारी उभा असू शकतो, आणि दुसरा जवान तर प्रत्यक्ष आगीच्या जागीच असतो. या तीन स्थानांवरील उपाय भिन्न असल्यामुळे त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

गोंगाटाच्या पातळीची कल्पना पुढील आकड्यांवरून येईल. एक मीटर अंतरावर साध्या संभाषणाची पातळी सुमारे ६० डेसिबल असते. साखळी-करवत चालविणाऱ्याच्या कानाशी हीच पातळी १०० डेसिबलच्या वर जाते. विशेष विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, जवानाच्या रक्षणासाठी योजलेली साधनेच त्याचा शब्द बुडविण्यास कारणीभूत होतात. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकांनुसार जवान सुमारे ३० सेकंद निश्चल राहिला, तर त्याच्या अंगावरील भोंगा आपोआप वाजू लागावा आणि त्याची पातळी तीन मीटर अंतरावर किमान ९५ डेसिबल असावी, अशी अट घालण्यात आली. तसेच श्वसनसंचातील हवा संपत आल्याची सूचना पूर्वी एकूण साठ्याच्या २५ टक्के हवा उरल्यावर मिळत असे. २०१३ च्या आवृत्तीत ही मर्यादा ३३ टक्क्यांवर नेण्यात आली. ही सूचना घंटेने, शिटीने वा कंपनाने दिली जाते. म्हणजे मदत मागण्याची वेळ आणि मुखाजवळ भोंगा किंवा घंटा वाजण्याची वेळ या दोन्ही एकत्र येतात. हा योगायोग नव्हे, तर रचनेतूनच उद्भवणारा परिणाम आहे.

३. वाणीचा कोणता अंश टिकतो?

वाणीतील ऊर्जा व वाणीतील अर्थ यांची वाटणी सारखी नसते. बहुतेक ऊर्जा स्वरांत आणि १००० हर्ट्‌झच्या खालील कंप्रतांत एकवटलेली असते. शब्दाशब्दांतील भेद मात्र मुख्यतः व्यंजनांवर अवलंबून असतात. ती क्षीण व क्षणिक असतात आणि त्यांची लक्षणे पुष्कळ अंशी १००० हर्ट्‌झच्या वर आढळतात. बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरध्वनीच्या सुधारणेसाठी केलेल्या प्रदीर्घ संशोधनातून ही गोष्ट सिद्ध झाली. त्याच परंपरेतील फ्रेंच व स्टाइनबर्ग यांनी १९४७ साली असे दाखविले की, सुमारे १९०० हर्ट्‌झ ही कंप्रता मध्यरेषा मानल्यास तिच्या खालील व वरील भागांचा सुबोधतेतील वाटा समसमान असतो. ऊर्जेच्या दृष्टीने वरचा भाग अगदीच दुबळा असतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व पटते.

व्यंजनांमधील कोणते भेद गोंगाटात प्रथम नष्ट होतात, या प्रश्नाचे उत्तर जॉर्ज मिलर व पॅट्रिशिया नाइसली यांनी १९५५ साली दिले. इंग्रजीतील सोळा व्यंजने निरनिराळ्या पातळीच्या गोंगाटात ऐकवून श्रोत्यांनी कोणत्या व्यंजनाच्या जागी कोणते व्यंजन ऐकले, याची त्यांनी कोष्टके केली. घोष-अघोष हा भेद व अनुनासिकत्व हे गुण, वाणीपेक्षा गोंगाट १२ डेसिबलने वरचढ असतानाही ओळखता येत होते. उच्चारस्थानाचा भेद मात्र वाणी गोंगाटापेक्षा सुमारे ६ डेसिबलने वरचढ असल्याखेरीज नीट ओळखता येत नव्हता. दोहोंमधील अंतर १८ डेसिबलांचे आहे. आपल्या प्राचीन शिक्षाग्रंथांनी वर्णांचे स्थान व प्रयत्न असे जे पृथक्करण केले, त्यातील स्थान हा घटक गोंगाटात सर्वांत नाजूक ठरतो, असा याचा अर्थ होतो.

आता ‘सात’ व ‘आठ’ या दोन शब्दांकडे पाहू. दोहोंतही स्वर ‘आ’ हाच आहे. ‘सात’मधील ऊष्म वर्ण ‘स’ याची ऊर्जा बहुतांशी ४००० हर्ट्‌झच्या वर असते, तर नेहमीच्या बिनतारी संचातून सुमारे ३०० ते ३००० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पलीकडे जातो. तेव्हा ‘स’ आरंभीच दुबळा होतो व गोंगाटात सहज बुडतो. मागे उरतो तो ‘त’ व ‘ठ’ यांमधील भेद; म्हणजे दन्त्य-मूर्धन्य हा स्थानभेद आणि त्याच्या जोडीला महाप्राणत्व. याउलट ‘सहा’ व ‘दहा’ या जोडीत ‘द’ हा घोष असल्यामुळे ती तुलनेने सुरक्षित असावी, असे अनुमान निघते. ही अनुमाने इंग्रजीवरील प्रयोगांवरून काढलेली आहेत. मराठी श्रोत्यांवर प्रयोग करूनच ती पारखून घ्यावी लागतील.

४. मुखवटा व मायक्रोफोन

अग्निशामकाचा शब्द मुखातून थेट मायक्रोफोनपर्यंत जात नाही. चेहऱ्यावर श्वसनसंचाचा घट्ट मुखवटा असतो. त्याच्या आतील पोकळीचे स्वतःचे अनुनाद असतात. त्यामुळे काही कंप्रता फुगतात व काही दबतात. ओठांच्या व जबड्याच्या हालचालींवर बंधन येते. मुखवट्याच्या भिंतीतून व ध्वनिपटलातून बाहेर पडताना वरच्या कंप्रता अधिक क्षीण होतात. वर सांगितल्याप्रमाणे अर्थ वाहणाऱ्या कंप्रता त्याच होत. शिवाय श्वास घेताना हवेच्या झोताचा मोठा आवाज होतो व मायक्रोफोन चालू असेल तर तोही प्रक्षेपित होतो.

गोंगाटात माणूस स्वाभाविकपणे मोठ्याने बोलतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली या प्रवृत्तीचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचेच नाव मिळाले आहे. काही मर्यादेपर्यंत ती उपकारक असते. परंतु ओरडण्याने स्वरांची शक्ती जितकी वाढते, तितकी व्यंजनांची वाढत नाही. अत्यंत हळू बोलण्याप्रमाणेच अत्यंत जोराने ओरडण्यानेही सुबोधता घटते, असे पिकेट यांनी १९५६ साली केलेल्या प्रयोगांत आढळून आले. त्यातून मायक्रोफोनची मर्यादा ओलांडली गेली, तर लहरींचे माथे छाटले जाऊन विकृती वाढते ती वेगळीच.

याउलट मायक्रोफोन मुखाजवळ आणण्याचा लाभ निश्चित व मोठा आहे. ध्वनीचे उगमस्थान लहान असेल, तर अंतर निम्मे झाल्यास त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. दूरवरून सर्व दिशांनी येणारा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. छातीवर ३२ सेंटिमीटर अंतरावर असलेला मायक्रोफोन ४ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर तीनदा निम्मे होते, म्हणजे सुमारे १८ डेसिबलांचा लाभ होतो. मुखवट्यामुळे प्रत्यक्षातील आकडा काहीसा बदलेल. तरीही मिलर व नाइसली यांनी दाखविलेले १८ डेसिबलांचे अंतर याच कोटीतील आहे, हे ध्यानात ठेवावे. मुखवट्याच्या ध्वनिपटलापासून एक-दोन इंचांवर मायक्रोफोन धरावा, गोंगाटाकडे पाठ करावी आणि तळहाताने आडोसा करावा, हे अग्निशामकांना दिले जाणारे धडे क्षुल्लक वाटले तरी त्यांमागे हे गणित उभे आहे.

५. अंकीय संकेतन व २००८ चे प्रयोग

जुन्या संचांत मायक्रोफोनमधील विद्युत्प्रवाहाच्या चढउतारानुसार लहरीची कंप्रता बदलत असे. ध्वनीची ही एक प्रकारची अनुकृतीच असल्याने या पद्धतीस अनुरूप पद्धती म्हणू. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सार्वजनिक सुरक्षा सेवांसाठी ‘प्रोजेक्ट २५’ या नावाने अंकीय संचांची मानके तयार झाली. थोड्या रुंदीच्या पट्ट्यात अधिक संभाषणे सामावणे आणि निरनिराळ्या दलांचे संच परस्परांशी जुळणे हा त्यांचा हेतू होता.

अंकीय दूरध्वनीत दर सेकंदास ८००० नमुने व प्रत्येक नमुन्यास ८ बिट, म्हणजे दर सेकंदास ६४,००० बिट लागतात. प्रोजेक्ट २५ च्या मूळ संकेतकाने वाणीसाठी केवळ ४,४०० बिट घेतले, आणि चुकांच्या दुरुस्तीसाठी आणखी २,८०० बिट राखून ठेवले. एवढी काटकसर साधण्यासाठी २० मिलिसेकंदांच्या प्रत्येक तुकड्याचे ८८ बिटांत वर्णन केले जाते. बोलणाऱ्याची मूलकंप्रता किती, कोणत्या पट्ट्यांत ध्वनी घोष आहे व कोणत्या पट्ट्यांत अघोष, आणि प्रत्येक पट्ट्यात ऊर्जा किती, एवढ्याच गोष्टी त्यात येतात. ग्राही संच या वर्णनावरून ध्वनीची नव्याने रचना करतो. ग्रिफिन व लिम यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या बहुपट्ट-उत्तेजन प्रतिमानावर ही पद्धती आधारलेली आहे.

या पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे : समोर येणारा ध्वनी म्हणजे एका माणसाची वाणी होय. शांत खोलीत हे गृहीतक खरे ठरते व परिणाम उत्तम मिळतो. परंतु वाणीबरोबर भोंगाही वाजत असेल, तर दोन मूलकंप्रता उपस्थित होतात आणि वर्णनात जागा मात्र एकीलाच असते. करवतीच्या आवाजात घोष-अघोष निर्णय चुकू लागतात. मग जे वर्णन तयार होते, ते धड वाणीचे नसते व धड गोंगाटाचेही नसते. अनुरूप पद्धती असे कोणतेच गृहीतक धरीत नाही. ती दोन्ही ध्वनी मिसळलेले का होईना, पलीकडे नेऊन पोचविते, आणि त्यांची निवड करण्याचे काम मानवी श्रवणेंद्रियावर सोपविते. हे इंद्रिय त्या कामात विलक्षण तरबेज आहे.

अमेरिकेतील अग्निशामक दलांतून या संबंधीच्या तक्रारी आल्यावर अग्निशामक प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००७ साली एक अभ्यासगट नेमला. बोल्डर येथील शासकीय दूरसंचारविज्ञान संस्थेने प्रयोग करून जून २००८ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रयोगपद्धती वाणीविज्ञानात १९६५ पासून रूढ असलेल्या सुधारित यमक-कसोटीची होती. तीत एकाक्षरी शब्दांचे ५० गट असून प्रत्येक गटात केवळ आरंभीच्या किंवा अखेरच्या व्यंजनाने भिन्न असलेले सहा शब्द असतात. मराठीत असा गट करावयाचा झाल्यास काल, गाल, चाल, ढाल, ताल, माल हे शब्द घेता येतील. श्रोत्याने ऐकलेला शब्द सहांतून निवडावयाचा असतो. केवळ अंदाजाने सहांत एकदा उत्तर बरोबर येणारच, म्हणून चुकीच्या उत्तरांचा पाचवा हिस्सा बरोबर उत्तरांतून वजा करतात.

करवत, पाण्याच्या नोझलचा फवारा, निश्चलतासूचक भोंगे, हवा संपत आल्याची सूचना इत्यादी गोंगाटांत, आवश्यक तेथे मुखवट्यासह, या चाचण्या घेण्यात आल्या. गोंगाट नसताना दोन्ही पद्धतींतील अंतर अल्प होते. काही गोंगाटांत मात्र अंकीय संच अनुरूप संचांच्या स्पष्टपणे मागे पडले. तसेच काही परिस्थितींत कोणतीच पद्धती समाधानकारक ठरली नाही. हा दुसरा निष्कर्ष पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः दोष एकट्या अंकीय पद्धतीचा नसून मुखापाशीच्या गोंगाटाचा आहे, हे त्यावरूनच सिद्ध होते. पुढे सुधारित संचांवर अशाच चाचण्या घेऊन २०१३ साली आणखी एक अहवाल प्रसिद्ध करण्यात आला.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. गोंगाट गाळणाऱ्या अनेक गणिती युक्त्या उपलब्ध आहेत. पण एकाच मायक्रोफोनवर अवलंबून असणाऱ्या रूढ युक्त्यांनी आवाज कानाला सुखद होतो, मात्र सुबोधता सहसा वाढत नाही, असे हू व लोइझू यांच्या २००७ मधील अभ्यासात दिसून आले. गोंगाटाबरोबर दुबळी व्यंजनेही गाळली जाण्याची भीती असते. दोन मायक्रोफोनांची योजना, मुखवट्यातच बसविलेला मायक्रोफोन, तसेच २००१ साली प्रमाणित झालेले व ५० ते ७००० हर्ट्‌झचा पट्टा वाहणारे रुंदपट्ट संकेतन हे मार्ग अधिक आशादायक वाटतात. त्यांचाही कस याच यमक-कसोटीवर लागला पाहिजे.

६. शब्दसंग्रहाचे बंधन

साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे ऐकणाऱ्याची अपेक्षा. मिलर, हाइस व लिख्टन यांनी १९५१ साली दाखविले की, तोच श्रोता व तोच गोंगाट असूनही शब्द किती पर्यायांतून ओळखावयाचा आहे, यावर सुबोधता अवलंबून असते. निम्मे शब्द बरोबर ओळखले जाण्यासाठी अंकांच्या बाबतीत वाणी गोंगाटाच्या सुमारे १४ डेसिबल खाली असली तरी चालत होते. निरर्थक अक्षरांच्या बाबतीत ती सुमारे ३ डेसिबल वर असावी लागे. हा १७ डेसिबलांचा फरक शक्तीच्या भाषेत सुमारे पन्नास पटींचा आहे. प्रक्षेपणाची शक्ती पन्नासपट वाढविली, तरी मुखापाशीच्या गोंगाटात काहीच लाभ होत नाही. संकेतबद्ध शब्दसंग्रहाने तो विनामूल्य होतो.

विमानवाहतुकीने हे तत्त्व फार पूर्वी स्वीकारले. १९५६ साली अमलात आलेली आंतरराष्ट्रीय उच्चारवर्णमाला निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांवर चाचण्या घेऊन निश्चित केलेली आहे, आणि तीत इंग्रजी अंकांचे उच्चारही मुद्दाम बदलून ‘फाइव्ह’चे ‘फाइफ’ व ‘नाइन’चे ‘नायनर’ करण्यात आले. ‘मेडे’ हा संकटसंकेत १९२७ सालच्या आंतरराष्ट्रीय करारापासून रूढ असून तो तीनदा उच्चारण्याची पद्धती आहे. अमेरिकेतील अग्निशामक या संकेतापुढे ठिकाण, तुकडी, नाव, काम व गरज असा ठरावीक क्रम पाळतात. क्रम ठाऊक असल्याने ऐकणारा प्रत्येक शब्द थोड्याच पर्यायांतून ओळखतो. ऐकलेला मजला उलट उच्चारून खात्री करून घेणे ही या शिस्तीची दुसरी बाजू होय.

७. मराठीपुढील प्रश्न

महाराष्ट्रातील अग्निशामक दलांत मराठीचा वापर स्वाभाविक आहे, आणि मुंबईसारख्या शहरात उंच इमारतींमुळे मजल्याचा आकडा हा संदेशातील कळीचा शब्द ठरतो. मराठीत ‘सात-आठ’ हा घोटाळा एका अंकापुरता राहत नाही. सदतीस-अडतीस, सत्तावन्न-अठ्ठावन्न, सदुसष्ट-अडुसष्ट अशा जोड्यांतून तो वर चढत जातो. आकडे सुटे करून सांगितले तरी मूळ जोडी कायमच राहते. ‘सप्त’ व ‘अष्ट’ ही संस्कृत रूपे घेतली तरी दोहोंचा आद्य स्वर एकच व भेद पुन्हा व्यंजनांचाच. तेव्हा इंग्रजी ‘नायनर’प्रमाणे एखादे मुद्दाम घडविलेले रूप मराठीतही योजावे लागेल काय, आणि ते जवानांच्या जिभेवर रुळेल काय, हे प्रश्न प्रयोगाने सोडविण्यासारखे आहेत.

त्यासाठी लागणारी सामग्री फारशी खर्चिक नाही. मराठी शब्दांचे समतोल यमकगट, मुखवट्यासह व मुखवट्याविना केलेली ध्वनिमुद्रणे, प्रत्यक्ष पंपाचा व भोंग्याचा गोंगाट, आणि निरोगी श्रवणाचे मराठी श्रोते एवढ्यावर प्रारंभ करता येईल. ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञान व संख्याशास्त्र या तिन्ही विभागांतील विद्यार्थ्यांना त्यात काम आहे. महाप्राणत्व, मूर्धन्यत्व आणि ‘ल’ व ‘ळ’, ‘न’ व ‘ण’ यांसारखे भेद गोंगाटात कितपत टिकतात, याची पद्धतशीर कोष्टके तयार झाल्यास त्यांचा उपयोग अग्निशामकांपुरता मर्यादित राहणार नाही. रुग्णवाहिका, रेल्वे व बंदरे येथील संदेशवहनालाही तो होईल. संच विकत घेताना त्याचा पल्ला व बांधणी जशी तपासली जाते, तशीच त्यातून ‘सात’ व ‘आठ’ वेगळे ऐकू येतात की नाही, हेही तपासले गेले पाहिजे. त्यासाठीची कसोटी तयार करणे हे मराठीत काम करणाऱ्या संशोधकांचेच कर्तव्य होय.